कळण्याचं वय, वळण्याचं वय

नववीत असताना मळ्यातल्या विहिरीत मी काठावरून उडी मारायचो. उन्हाळ्यात पाणी खोल गेलेलं असायचं, कपारीतले दगड उघडे पडलेले. डोकं आपटलं तर काय होईल, हे तेव्हाही मला आजच्याइतकंच ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र फार उशिरा ध्यानात आली : काठावर मित्र नसताना मी एकदाही उडी मारलेली नाही.

या वागण्याला आपल्याकडे गद्धेपंचविशी असा सोयीचा शब्द आहे. शब्द मिळाला की कारण शोधायची गरज उरत नाही. अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ साली दोन जाडजूड खंड लिहून हे वय म्हणजे वादळच, असं ठरवलं. १९२८ मध्ये मार्गारेट मीड यांनी सामोआतल्या मुलींवर पुस्तक लिहिलं आणि वादळाचं खापर संस्कृतीवर फोडलं. (त्यांच्या निरीक्षणांवर पुढे बरंच रण माजलं; ते असो.) घराघरांतली समजूत याहून साधी होती आणि अजूनही आहे : पोरांना धोका कळत नाही, म्हणून समजावून सांगा.

१९९९ मध्ये जे गीड आणि सहकाऱ्यांनी त्याच त्या मुलांचे वर्षांमागून वर्षं एमआरआय काढून दाखवलं, की मेंदूच्या पुढच्या भागातला करडा पदार्थ अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढतो आणि मग कमी होत जातो. आवेग आवरणारा हा भाग बऱ्याच उशिरा तयार होतो. आपल्या पंचविशीला जणू शास्त्राचा शिक्काच मिळाला! पण मेंदू अमुक वाढदिवसाला पिकतो, असं त्यातली कोणतीच प्रतिमा सांगत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २००५ मधला मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा प्रयोग. संगणकावर गाडी चालवायची. पिवळा दिवा लागल्यावर जितकं पुढे जाल तितके गुण, पण वेळेत थांबला नाहीत तर टक्कर. एकटी असताना मुलं मोठ्यांपेक्षा फारशी वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी येताच तेरा ते सोळा वयाच्या मुलांचं धाडस एकदम वाढलं. चोविशीपुढच्यांना कोण बघतंय याचा फरक पडला नाही. म्हणजे माझी विहीरच.

त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अठराच्या आतल्यांची फाशी रद्द केली. मुलं अजून अपक्व असतात, असं तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने कोर्टाला सांगितलं होतं. विरोधी मत लिहिताना न्यायमूर्ती स्कालियांनी नेमकं बोट ठेवलं : गर्भपाताच्या १९९० मधल्या खटल्यात याच संघटनेने मुलींना निर्णयाची पुरेशी समज असते असं म्हटलं होतं, त्याचं काय? टोमणा रास्त होता. २००९ मध्ये स्टाइनबर्गनी त्याला आकड्यांनी उत्तर दिलं. शांतपणे विचार करण्याची कुवत सोळाव्या वर्षापर्यंत मोठ्यांइतकी होते. ऐन भरात, चारचौघांसमोर स्वतःला आवरणं अठरानंतरही कच्चं राहतं. कळतं पण वळत नाही, हे आपण म्हणतोच. फक्त ही दोन वयं आहेत, हे आपण कधी धरलं नाही.

आपला २०१५ चा बाल न्याय कायदाही धरत नाही. निर्घृण गुन्ह्यातल्या सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवताना बाल न्याय मंडळाने इतर गोष्टींबरोबर त्याला परिणाम समजत होते का, हे तपासायचं असतं. सोळाव्या वर्षी ते समजतातच. प्रश्नच असा घातलाय की उत्तर आधीच ठरलेलं. पोरांना सोडून द्या, असं मी म्हणत नाही. वळण्याबद्दल विचारा, एवढंच.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले. गाडीत तो एकटा नव्हता. जामीन देताना मंडळाने त्याला रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, आणि देशभर संताप उसळला. शिक्षा हलकी, म्हणून लोक चिडले. मला ती हलकी तर वाटलीच, शिवाय भलतीकडेच नेम धरलेली वाटली. विहिरीत कुठे कुठे दगड आहेत, यावर नववीत मीही तीनशे शब्द बिनचूक लिहिले असते, आणि संध्याकाळी पोरं जमल्यावर काठावर गेलो असतो.