सज्ज्यावरचें आग्यामोहोळ

आपल्याहून दुर्बल अशा प्राण्यावर दया करावी, हें शिकविण्यास फारसे श्रम पडत नाहींत. खरी अडचण उभी राहते ती, जो प्राणी एकटा असतां चिमटींत चिरडतां येतो पण समुदायानें चालून आला असतां धडधाकट माणसास लोळवितो, त्याच्याविषयीं. पुण्यामुंबईकडे दिवाळीच्या सुमारास कोणत्या ना कोणत्या इमारतीच्या सज्ज्याखालीं आग्या माश्यांचें पोळें लागतें, आणि तेथील सुशिक्षित मंडळींत लागलीच दोन तट पडतात. एक म्हणतो, "आजच्या आज जाळून टाका", दुसरा म्हणतो, "बिचाऱ्या माश्या आपलें काय खातात?" हे दोन्ही पक्ष आम्हांस सारखेच अपुरे वाटतात.

माशी कोणती, हें आधीं पाहिलें पाहिजे. फुलोरी माशी झुडपांत तळहाताएवढें पोळें करते. तिची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. सातेरी अंधारी पोकळी शोधते. झाडाची ढोली, भिंतींतील भोंक, क्वचित् विजेच्या मीटरची पेटीहि तिला चालते. आणि जाणता मनुष्य तिला लाकडी पेटींत घालून अन्यत्र नेऊं शकतो. आग्या मात्र उघड्यावर एकच भलें मोठें पोळें बांधते व पेटींत कधींच नांदत नाहीं. म्हणून "मारूं नका, दुसरीकडे हलवा" हा उपदेश सातेरीपुरता ठीक आहे. आग्या माश्यांना हलविणें म्हणजे अंडीं व अळ्या जागींच टाकून त्यांना धुरानें हुसकावणें होय. शब्द मवाळ आहे, कृति तितकी मवाळ नाहीं. कधीं कधीं पोळें मुळींच नसतें. प्रवासांतला थवा फांदीला घोंगडीसारखा लटकून विसावा घेत असतो. राखावयास घर नसल्यामुळें तो बहुधा शांत असतो, व कांहीं तासांत, फार तर थोड्या दिवसांत, आपण होऊन उठतो. त्याच्या वाटेस न जाणें एवढेंच त्या वेळीं आपलें काम.

मधमाशीच्या नांगीस उलटे काटे असतात. ती आपल्या कातडींत रुतून राहते आणि डंख करणारी माशी मरते. अर्थात् हें दरोडेखोराचें हत्यार नव्हे; घर राखतांना प्राण देणाऱ्याचें आहे. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो व तो इतर माश्यांना हांक देतो. म्हणून एक माशी चापटीनें मारणारा शंभरांना आमंत्रण करीत असतो. पोळ्यास दगड मारणें, खालीं केरकचरा पेटविणें, जवळ फटाके उडविणें, हें तिच्या दृष्टीनें घरावर घाला घालण्यासारखें आहे. माश्या अंगावर आल्याच तर हातवारे करीत उभें न राहतां तोंड व डोळे कपड्यानें झांकून पळत सुटावें आणि दार बंद होईल अशा खोलींत शिरावें. पाण्यांत उडी घेऊं नये. माश्या वर घिरट्या घालीत राहतात. रुतलेली नांगी नखानें तत्काळ काढावी. रीत चुकली तरी चालेल, उशीर नको. डंख पुष्कळ असले, अथवा एकाच डंखानें ओठ सुजले, श्वास कोंडला किंवा भोंवळ आली, तर चुना-हळदीच्या नादीं न लागतां सरळ इस्पितळ गांठावें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. जाळा म्हणणारे स्वतः जाळीत नाहींत. रात्रीं कोणी गरीब मनुष्य दोरास लोंबकळून पलिता किंवा विषाची फवारणी घेऊन वर चढतो. मालक मंडळी कांचेआडून पाहतात. आणि सकाळीं मेलेल्या माश्यांचा ढीग झाडणारी बाई निराळीच असते. पण राहूं द्या म्हणणाराचें तरी काय? त्याची खिडकी बंद आहे. पोळ्याच्या नेमकें खालीं बसतो तो दारवान. तेथून जातो तो दूधवाला. तेथें खेळतात तीं मुलें. दयेचें मोल दुसऱ्यानें भरावें आणि पुण्य मात्र आपल्या नांवावर जमा व्हावें, या व्यवहारास धर्म म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं. ज्यांना पोळें ठेवावयाचें असेल त्यांनीं दारवानाची चौकी हलवावी, मुलांना खेळावयास दुसरी जागा द्यावी, सहा महिने आपला सज्जा बंद ठेवावा. एवढें केल्यावर त्यांचें म्हणणें आम्ही आदरानें ऐकूं. उलट पोळें शाळेच्या दारावरच असेल, किंवा एका डंखानें ज्याच्या जिवावर बेतेल अशा माणसाच्या खिडकीशीं असेल, तर जाणत्याकडून तें काढविण्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. मात्र त्यास 'स्वच्छता' म्हणूं नये; आपण एक नांदतें घर मोडीत आहों, हें त्या वेळीं ठाऊक असावें.

माश्यांच्या बाजूनें बोलणारे बहुधा त्यांचा उपयोग सांगतात. सूर्यफूल त्यांच्यावांचून नीट भरत नाहीं, कांद्याचें बीं त्यांच्यावांचून पुरेसें धरत नाहीं, हें खरेंच आहे. तरी पण जगण्याचा हक्क सिद्ध करावयास भाड्याची पावती दाखवावी लागावी, हें आम्हांस थोडें ओशाळवाणें वाटतें. घरोघर थोडें थोडें मागून शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या भिक्षेला ज्या समाजानें मधुकरी हें गोड नांव दिलें, त्याला त्या नांवाची मूळ धनीण दारांत आलेली चालूं नये, हेंहि नवलच.

आग्या माश्या पावसाळ्याच्या आधीं बहुधा आपण होऊन निघून जातात, व पुढील हंगामांत त्याच जागीं परतण्याची त्यांची संवय प्रसिद्ध आहे. रिकामें पोळें उतरवून, मेण खरवडून, सज्ज्याखालीं जाळी बसवावयाची ती याच मधल्या दिवसांत. तेव्हां कोणाचा जीव जात नाहीं आणि खर्चहि बेताचा येतो. पण त्या दिवसांत पोळ्याची आठवण कोणासच होत नाहीं, आणि इमारतीच्या सभेंत तो विषय निघाला तर गळक्या गच्चीची चर्चा संपेपर्यंत मंडळी उठून गेलेली असतात.