चार भिंतींच्या आतला पुरावा

पोलिसांनी माणसाला घरातून उचलून नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत मिळालं, तर मधल्या रात्रीत काय झालं हे कोणी सांगायचं? आपल्याकडे पोलिसी अत्याचाराविरुद्धचा कायदा गेली साठ वर्षं या एका प्रश्नाभोवती फिरतो आहे. भरपाई, चौकशी, मार्गदर्शक तत्त्वं हे सगळं त्याच्या अवतीभवती उभं राहिलं. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र अर्धवटच आहे.

सुरुवातीला तर प्रश्न विचारायचीच सोय नव्हती. फाळणीच्या धामधुमीत, १९४७ च्या सप्टेंबरात, अमृतसरचा एक सराफ सोनं-चांदी विकायला मेरठला गेला. पोलिसांनी संशयावरून त्याला अडवलं आणि माल जप्त केला. माल सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल सोनं घेऊन पाकिस्तानात पळाला. सराफाच्या पेढीने सरकारवर दावा लावला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. अटक आणि जप्ती ही राज्याच्या सार्वभौम अधिकारातली कामं, ती करताना नोकराने गैरवर्तन केलं तरी सरकार देणं लागत नाही, असा तो निकाल. १८६१ चा कलकत्त्याचा एक निवाडा त्याच्या मुळाशी होता. हा निकाल लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी. निकाल देताना त्यांनाही तो समाधानकारक वाटला नव्हता आणि विधिमंडळांनी कायदा करावा असं त्यांनी सुचवलं होतं. विधेयकं आली, ती बारगळली. नागरिकाचं नुकसान केल्याबद्दल सरकारने काय द्यावं, याचा सर्वंकष कायदा आजही नाही.

मग वाट निघाली ती संविधानातून. बिहारमध्ये १९६८ साली निर्दोष सुटलेला एक माणूस १९८२ पर्यंत तुरुंगातच राहिला. चौदा वर्षं! सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी १९८३ मध्ये ठरवलं की कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काला अर्थ राहायचा असेल तर नुसता सुटकेचा आदेश पुरत नाही. आधी दिलेले पाच हजार धरून एकूण पस्तीस हजार रुपये त्याला मिळाले. रक्कम आज वाचतानाही लाज वाटते, पण पहिली फट तिथे पडली.

ती रुंद झाली १९९३ च्या नीलाबती बेहेरा खटल्यात. ओडिशातल्या एका आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. डिसेंबर १९८७ मध्ये तिच्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेरुळावर सापडलं. पोलिसांचं म्हणणं असं की त्याने बांधलेली दोरी दातांनी तोडली, तो पळाला आणि गाडीखाली आला. न्यायालयाने ते मानलं नाही. माणूस ताब्यात होता, तेव्हा त्याच्या मृत्यूचा खुलासा ताब्यात ठेवणाऱ्यांनी करायचा, अशी भूमिका घेऊन दीड लाखाची भरपाई ठरवली. सार्वभौमत्वाची सबब मूलभूत हक्कांच्या याचिकेत चालणार नाही, हेही तिथे स्पष्ट झालं. मला या निकालातला पैशाचा भाग दुय्यम वाटतो. ‘तुम्ही सांगा’ असं राज्याला म्हणणं, ही खरी उडी होती.

मात्र ही उडी भरपाईपुरतीच राहिली. भरपाई तिजोरीतून जाते. ज्याने मारलं त्याला शिक्षा व्हायची तर फौजदारी खटला हवा, आणि तिथे गुन्हा सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर, म्हणजे व्यवहारात पोलिसांनीच केलेल्या तपासावर. साक्षीदार कोण? त्याच ठाण्यातले सहकारी.

ही अडचण चंद्रचूडांनीच जानेवारी १९८५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका कोठडी मृत्यूच्या निकालात मांडली आणि पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती करा असं सरकारला सांगितलं. त्याच वर्षी विधी आयोगाच्या ११३ व्या अहवालात नेमकं कलम सुचवलं गेलं, ११४-ब. माणूस ताब्यात असताना त्याला इजा झाल्याचा पुरावा असेल, तर ती ताब्यात ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानेच केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, ही शिफारस.

हे अशक्य होतं असं कोणी म्हणू नये. दोनच वर्षं आधी, १९८३ मध्ये, संसदेने असंच एक गृहीतक कायद्यात घातलं होतं. १९७२ साली आपल्या विदर्भात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, अशा कारणांनी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडलं. दिल्ली आणि पुण्याच्या चार कायदा प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने संमती नव्हती असं सांगितलं तर ती नव्हतीच असं धरण्याचं ११४-अ कलम आलं. कोठडीत दुबळा कोण आणि सबळ कोण हे तेव्हा कळलं होतं. मारहाणीच्या बाबतीत ते का कळू नये?

११४-ब आलं नाही. त्याच्या जागी न्यायालयं नियम घालत गेली. १९९६ च्या डी. के. बासू निकालाने अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, वकिलाची भेट हे सगळं बंधनकारक केलं. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी करायची अशी तरतूद पुढे आली. डिसेंबर २०२० मध्ये ठाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत सीसीटीव्ही लावण्याचा आदेश झाला. नीट पाहिलं तर ही सगळी धडपड चार भिंतींच्या आत एक साक्षीदार उभा करण्याची आहे. पण मेमो लिहिणारा पोलीस, आणि कॅमेरा ज्याच्या ताब्यात तोही पोलीस. म्हणून कोठडीतून आलेल्या माणसाने दंडाधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा उभं राहताच ‘मला मारलं’ हे सांगणं आणि ते नोंदवून घ्यायला लावणं, याला मी फार मोल देतो. तो पुरावा ठाण्याच्या बाहेर तयार होतो.

पण बाहेरचा पुरावा असला तरी वाट सोपी नसते. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या हिंसाचारानंतर अटक झालेला, कायद्याचं शिक्षण घेणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद होती. तरी पोलिसांवर गुन्हा दाखल व्हावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. जुलै २०२५ मध्ये तो आदेश मिळाला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे ते हरलं. त्याच्या वर्षभर आधी, १ जुलै २०२४ पासून, जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला होता. ११४-अ त्यात नव्या क्रमांकाने आहे. विधी आयोगाने १९८५ साली सुचवलेलं कलम त्यातही नाही.