पुरे म्हणणारा स्नायू

कुस्तीच्या फडात दोन पैलवान बराच वेळ खडाखडी करत राहतात. मनगटे धरतात, सोडतात, एकमेकांचा अंदाज घेतात. निकाल मात्र दोन-तीन सेकंदांत लागतो. ढाक बसते किंवा निसटते. तेवढ्या वेळात मांडीला, कमरेला आणि खांद्याला जी ताकद लागते, ती त्या क्षणी घेतलेल्या श्वासातून येत नाही. प्राणवायूच्या मदतीने अन्न जाळून ऊर्जा काढण्याची शरीराची रीत मोठी भरवशाची आहे, पण तिला वेग धरायला वेळ लागतो आणि तोवर डाव होऊन गेलेला असतो. त्या क्षणांचा खर्च स्नायू आधीच्या साठ्यातून भागवतो. या साठ्याचे नाव फॉस्फोक्रिएटिन. जिमला जाणाऱ्या तरुणांच्या बॅगेत आज क्रिएटिनच्या पांढऱ्या पावडरीचा जो डबा असतो, तो हाच साठा थोडा वाढवण्यासाठी. ही पावडर रोज, वर्षानुवर्षे घ्यावी का, घेतली तर अपाय होतो का, असे आता त्यांचे आईवडीलही विचारू लागले आहेत. या प्रश्नाला बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. मात्र त्याआधी शरीराची एक शिस्त समजून घ्यायला हवी.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा एटीपी नावाचा रेणू आपला एक फॉस्फेट गट सोडतो आणि ऊर्जा मोकळी होते. स्नायूत तयार असलेले एटीपी जोराच्या कामाला जेमतेम दोन-तीन सेकंद पुरते. मग फॉस्फोक्रिएटिन आपल्याजवळचा फॉस्फेट त्या रित्या रेणूला देते आणि एटीपी पुन्हा उभे राहते. सगळी ताकद लावून केलेल्या श्रमात हा साठाही दहा-एक सेकंदांत बराचसा उतरतो. विश्रांती मिळाली की काही मिनिटांत पुन्हा भरतो. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात एकंदर सुमारे १२० ग्रॅम क्रिएटिन असते आणि त्यातले ९५ टक्के स्नायूंत. रोज त्यातले दोनेक ग्रॅम आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलून लघवीवाटे निघून जाते. ही तूट भरून काढण्यासाठी मूत्रपिंडे आणि यकृत मिळून तीन अमिनो आम्लांपासून दिवसाला साधारण एक ग्रॅम क्रिएटिन बनवतात, आणि मांस-मासे खाणाऱ्यांना उरलेले ताटातून मिळते. म्हणजे डब्यातले द्रव्य शरीराला परके नाही. ज्या घटकाचा हिशेब शरीर जन्मापासून ठेवत आले आहे, त्याच हिशेबात आपण रोज तीन ग्रॅमची भर घालतो.

हे द्रव्य माणसाला ठाऊक झाले ते १८३२ साली. मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसाच्या अर्कातून वेगळे काढले. पुढे १८४७ मध्ये युस्टुस फॉन लीबिख या जर्मन शास्त्रज्ञाने नोंदवले, की शिकारीत धाव धाव धावून मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात पाळीव, सुस्त कोल्ह्यापेक्षा कितीतरी जास्त क्रिएटिन आढळते. स्नायूंचे श्रम आणि हे द्रव्य यांचे काही नाते आहे, हा तर्क तिथे प्रथम उमटला. पण नाते नेमके कोणते, हे उलगडायला आणखी ८० वर्षे जावी लागली. ते उलगडणाऱ्यांत एक भारतीय माणूस होता, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे.

यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातल्या भीमावरमचा. मद्रासला वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेत गेले आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर काम करू लागले. रक्तातला आणि पेशींतला फॉस्फरस मोजण्याची त्या दोघांची पद्धत १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीच पद्धत हाती घेऊन १९२७ साली त्यांनी स्नायूतले फॉस्फोक्रिएटिन दाखवून दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ग्रेस आणि फिलिप एगल्टन हे दांपत्यही स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते. दोन वर्षांनी फिस्क आणि सुब्बाराव यांनी एटीपीही वेगळे केले; जर्मनीत कार्ल लोहमान यांनी तेच स्वतंत्रपणे केले होते. हार्वर्डने सुब्बाराव यांना कायमची जागा दिली नाही. ते लेडर्ली प्रयोगशाळेत गेले आणि तिथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या कामातून हत्तीरोगावरचे डीईसी हे औषध पुढे आले. गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोग निर्मूलनाच्या मोहिमेत आरोग्यसेविका घरोघर जाऊन ज्या गोळ्या समोर खायला लावतात, त्यांत हे औषध असते. १९४८ मध्ये सुब्बाराव गेले. शक्तीचा शोध आणि रोगाचा उतारा या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून घडाव्यात, याचे मला फार अप्रूप वाटते. क्रिएटिनचा डबा उघडणाऱ्या प्रत्येक भारतीय तरुणाला हे नाव माहीत असावे.

प्रयोगशाळेतले हे ज्ञान खेळाच्या मैदानावर यायला पुन्हा सहा दशके लागली. १९९२ साली रॉजर हॅरिस, कारिन सॉडरलुंड आणि एरिक हुल्टमन यांनी निरोगी माणसांना पाच-पाच ग्रॅम क्रिएटिन दिवसातून अनेकदा देऊन त्यांच्या मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा तपासला. साठा खरोखर वाढला होता. ज्यांचा मुळात कमी होता त्यांचा सर्वांत जास्त वाढला. ज्यांचा भरलेला होता त्यांचा फारसा वाढला नाही. १९९६ मध्ये हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की सहा दिवस रोज २० ग्रॅम घ्या किंवा २८ दिवस रोज तीन ग्रॅम घ्या, साठा शेवटी सारखाच, सुमारे २० टक्क्यांनी वाढतो. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतले तर ते काठावरून वाहून जाते, तसे जादा क्रिएटिन लघवीतून निघून जाते.

या एका निष्कर्षात मला सगळ्या विषयाचे मर्म दिसते. स्नायूला पुरे म्हणता येते. त्याची धारणाशक्ती ठरलेली आहे आणि ती ओलांडायला तो तयार नाही. रोज घेतलेल्या छोट्या मात्रेचे गुण आणि तिची निर्धोकता, दोन्हींचे मूळ इथे आहे.

गुण तरी किती? थोड्या थोड्या विश्रांतीने पुन्हा पुन्हा करायच्या जोरकस श्रमात क्रिएटिनचा उपयोग होतो, हे आता निर्विवाद आहे. वजन उचलणाऱ्याला एखादी-दुसरी उचल जास्त मिळते, तोकड्या अंतराच्या धावपटूला तिसऱ्या-चौथ्या धावेतही वेग राखता येतो. असा वाढीव सराव महिनोन्‌महिने साचत गेला की स्नायू अधिक भरतात. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०११ मध्ये या कारणासाठी रोज तीन ग्रॅमचा दावा मान्य केला. पुढे वयाची पंचावन्न वर्षे ओलांडलेल्यांना वजनांच्या व्यायामासोबत होणारा लाभही मान्य झाला. उतारवयात झिजणाऱ्या स्नायूंचा विचार करता मला हा उपयोग तरुणांच्या दंडांपेक्षा मोलाचा वाटतो. लांब पल्ल्याच्या धावण्यात मात्र लाभ अगदी थोडा. आणि व्यायामच केला नाही तर पावडरीने फारसे काही साधत नाही. पहिल्या आठवड्यांत वजन एक-दोन किलो वाढते ते बहुतांशी स्नायूपेशींत ओढल्या गेलेल्या पाण्याचे असते. वजनगटात लढणाऱ्या पैलवानाने हे आधी जाणून घ्यावे.

आपल्या तालमींचा खुराक या नजरेने पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. दूध, तूप, बदाम, थंडाई यांनी पिढ्या पोसल्या. पण वनस्पतींत क्रिएटिन जवळजवळ नाही आणि दुधात अगदी नाममात्र आहे. कच्च्या मांसात वा मासळीत ते किलोमागे चार-पाच ग्रॅम असते. म्हणजे मटण खाणाऱ्या कोल्हापूरच्या मल्लाला थोडे मिळे. शाकाहारी मल्लाची सारी भिस्त स्वतःच्या यकृतावर आणि मूत्रपिंडांवर. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूत साठा कमी असतो आणि पूरक क्रिएटिनचा परिणाम त्याच्यावर अधिक दिसतो. बाजारातली पावडर सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून कारखान्यात बनते, मांसातून काढत नाहीत. तेव्हा माळकऱ्यालाही ती वर्ज्य ठरायचे कारण नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे नाही एवढे पाहावे.

आता सुरक्षिततेचे. सर्वांत मोठी भीती मूत्रपिंडांची, आणि ती का पसरली हे समजण्यासारखे आहे. रक्ततपासणीच्या कागदावर मूत्रपिंडाचे काम क्रिएटिनिनवरून जोखतात. क्रिएटिनिन साचले म्हणजे गाळणे मंदावले, असा अर्थ लावला जातो. पण क्रिएटिन घेणाऱ्याच्या अंगात क्रिएटिनिन मुळातच जास्त बनते. गाळणी शाबूत असूनही आकडा थोडा वर सरकू शकतो. शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी करता येते. ती स्नायूंच्या आणि क्रिएटिनच्या प्रमाणावर तितकी अवलंबून नसते. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एका रुग्णाची हकीकत छापून आली आणि भीतीने मूळ धरले. पण त्या तरुणाला मूत्रपिंडाचा विकार आधीपासून होता. त्याआधी १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले, तेव्हाही प्रथम संशय क्रिएटिनवर गेला. चौकशीत निघाले ते वेगळेच. वजनगटात बसण्यासाठी त्यांनी गरम खोलीत, घाम वाळू न देणारे कपडे अंगावर चढवून, पाणी तोडून व्यायाम केला होता. तिथल्या क्रीडासंघटनेने मग वजन उतरवण्याचे नियमच बदलले. वजन झटपट उतरवण्याची ही रीत आपल्याकडच्या मल्लांनाही अनोळखी नाही, म्हणून ही घटना आपणही विसरू नये.

निर्धोकतेचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र एका हुकलेल्या आशेतून आला आहे. पार्किन्सनच्या रुग्णांना क्रिएटिनने आराम पडेल का, हे पाहण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात १७४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज १० ग्रॅम क्रिएटिन देण्यात आले, तेही वर्षानुवर्षे. २०१३ मध्ये चाचणी थांबवावी लागली, कारण रोगावर काहीच परिणाम दिसत नव्हता. पण इतक्या वयस्क, आजारी माणसांनी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट मात्रा इतका काळ घेऊनही चिंता वाटावी असा अपाय आढळला नाही. त्या रुग्णांना आराम मिळाला नाही. आपल्याला मात्र त्यांच्यामुळे खात्री मिळाली. हे ऋण आहे, आणि ते मान्य केले पाहिजे.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. एका वेळी १० ग्रॅम घेतले तर पोट बिघडू शकते. म्हणून पहिल्या आठवड्याचे ते 'लोडिंग', म्हणजे रोज २० ग्रॅम घेणे, करण्याची गरज नाही. केस गळण्याची धास्ती दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या २००९ सालच्या एका छोट्या अभ्यासावरून पसरली. त्यात एका संप्रेरकाची पातळी वाढलेली दिसली होती. केस कुणी मोजलेच नव्हते. पेटके येतात, अंगातले पाणी आटते, या समजांनाही अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. घेणे थांबवले की चार ते सहा आठवड्यांत साठा मूळ पातळीवर येतो आणि शरीराची स्वतःची निर्मिती, जी मधल्या काळात थोडी मंदावलेली असते, पूर्ववत होते.

'चरकसंहिते'च्या सूत्रस्थानात आहाराच्या मात्रेसाठी एक वेगळा अध्याय आहे आणि त्यात ही मात्रा प्रत्येकाच्या अग्नीवर अवलंबून ठेवली आहे. वाग्भटाने तर बलवान माणसालाही अर्ध्या शक्तीइतकाच व्यायाम सांगितला. आधुनिक प्रशिक्षक ही मर्यादा मानणार नाहीत, आणि स्पर्धेतल्या खेळाडूला ती परवडणारही नाही. तरी त्यामागची जाण मला खोल वाटते: बळ वाढवायचे तर बळाची हद्द आधी ओळखावी लागते. क्रिएटिनच्या बाबतीत ती हद्द स्नायूने स्वतःच आखून दिली आहे. ती न मानणारे असते ते मन, आणि बाजार नेमका मनाशी बोलतो. तो साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटच्या जागी चौपट किमतीचे नवे प्रकार पुढे करतो, त्यात उत्तेजके मिसळतो, स्मरणशक्तीचे वचन देतो. स्मरणशक्तीच्या त्या दाव्याला युरोपीय प्राधिकरणाने २०२४ मध्ये पुराव्याअभावी मान्यता नाकारली. सर्वांत जास्त अभ्यास झालेला आणि सर्वांत स्वस्त प्रकार एकच आहे, आणि तोच सर्वांत चांगला आहे.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. निरोगी प्रौढ माणसाने नियमित व्यायामाच्या जोडीने रोज तीन ते पाच ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्यायला हरकत नाही. लाभ थोडा आहे, पण खरा आहे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, आणि ज्यांच्या मधुमेहाने वा रक्तदाबाने मूत्रपिंडांना झळ पोचली आहे त्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये. गरोदर बायकांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनीही थांबावे. त्यांच्याबाबत पुरावा अपुरा आहे. शुद्धतेची बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासणी झालेला, एकच घटक असलेला डबा निवडावा. आणि पुढच्या वेळी रक्त तपासायला जाल तेव्हा आपण क्रिएटिन घेतो हे डॉक्टरांना सुईच्या आधी सांगा. त्या एका वाक्याने कागदावरच्या आकड्याचा खरा अर्थ त्यांना लावता येईल.