मित्र की आश्रित?

ख्रिस्ती कलेत ड्रॅगनच्या वाट्याला बहुधा भालाच आला आहे. संत जॉर्ज घोड्यावर बसून तो त्याच्या जबड्यात खुपसतो, मायकल देवदूत त्याला पायाखाली तुडवतो आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात तर सात डोक्यांचा ड्रॅगन साक्षात सैतान म्हणूनच उभा राहतो. (मराठी बायबलात त्याला ‘अजगर’ म्हटले आहे. बिचाऱ्या अजगराला ना सात डोकी, ना दहा शिंगे. पण भाषांतरकाराला त्याहून जवळचे जनावर सापडले नसावे.) अशा परंपरेत वाढलेल्या कुटुंबाने मुलाबाळांसह बसून ड्रॅगनशी जडलेल्या मैत्रीची गोष्ट पाहावी आणि पाहता पाहता ड्रॅगनचाच पक्ष घ्यावा, यात थोडे नवल आहेच. परंतु मला इथे ज्या प्रश्नाचा विचार करायचा आहे, तो ड्रॅगन वाईट की चांगला हा नव्हे. त्याहून तो अवघड आहे आणि आपल्या घराच्या अधिक जवळचा आहे.

‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’ हा रेखाटलेला चित्रपट २०१० साली आला. क्रेसिडा कॉवेल या लेखिकेच्या २००३ सालच्या पुस्तकावरून ख्रिस सँडर्स आणि डीन ड्युब्लॉय या दिग्दर्शकांनी तो केला. मूळ पुस्तकातला ड्रॅगन अगदी चिमुकला आहे. चित्रपटकारांनी त्याला मोठा केला, अमावास्येसारखा काळा केला आणि त्याची शेपटी मोडली. या शेवटच्या बदलाने गोष्टीला जे नैतिक वजन आले, ते पुस्तकात नव्हते.

कथा अशी. बर्क नावाच्या बेटावर व्हायकिंग लोक राहतात. ड्रॅगन त्यांची मेंढरे पळवतात, घरे जाळतात. व्हायकिंग ड्रॅगनांना मारतात. गावप्रमुख स्टॉइक याचा किडकिडीत मुलगा हिकप लोहाराच्या हाताखाली काम करतो. एका रात्री तो स्वतः बनवलेल्या यंत्राने दोरजाळे फेकून, आजवर कुणाच्याही हाती न लागलेल्या जातीचा एक ड्रॅगन आकाशातून खाली पाडतो. दुसऱ्या दिवशी रानात तो ड्रॅगन बांधलेल्या अवस्थेत त्याला सापडतो. सुरी उचलली जाते, पण चालत नाही. ‘हे मी केले’ एवढेच तो पुटपुटतो आणि दोर कापतो. ड्रॅगन सुटतो खरा, पण उडू शकत नाही. त्याच्या शेपटीच्या टोकाला माशासारखे दोन पर आहेत. त्यांतला डावा तुटून गेला आहे. एका खोलगट दरीत तो अडकून पडतो. हिकप त्याला मासे नेऊन देतो, त्याचे नाव टूथलेस ठेवतो आणि लोहाराच्या भट्टीवर त्याच्यासाठी कृत्रिम पर तयार करतो.

इथवर सारे प्रायश्चित्ताच्या वाटेने चालले आहे. ज्याने मोडले तोच जोडतो आहे. पण त्या कृत्रिम पराची रचना जरा लक्षपूर्वक पाहावी. तो आपोआप उघडत नाही. हिकपने पाठीवर बसून रिकिबीत पाय दाबला, तरच दोरी ताणली जाते आणि पर उघडतो. याचा अर्थ, टूथलेसला पुन्हा आकाश मिळाले. मात्र ज्याने ते हिरावले त्याला पाठीवर घेऊनच. चोरलेली वस्तू परत केल्याशिवाय चोरीचे पाप पुरते फिटत नाही, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. ती वस्तू मालकालाच भाड्याने दिली तर तिला परतफेड म्हणायचे काय?

पडद्यावर दोघे ढगांतून झेपावत असताना, जॉन पॉवेल यांचे संगीत भरात आलेले असताना, हा प्रश्न कुणाला सुचत नाही. मुलांना तो सुचूही नये. पण मोठ्यांनी तो विचारायला हरकत नाही, कारण अशा रचनेचे पर आपणही पुष्कळ बनवतो.

मैत्रीविषयी ज्याने सर्वांत बारकाईने लिहिले त्या ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या भागात म्हटले आहे की घोड्याशी वा बैलाशी मैत्री होऊ शकत नाही. आणि त्याच ओळीत पुढे गुलामाशीही, तो गुलाम आहे तोवर, ती होऊ शकत नाही. गुलाम म्हणजे जिवंत अवजार. अवजाराची निगा राखता येते, त्याच्यावर जीव जडू शकतो, पण त्याच्याशी मैत्री करता येत नाही. संत थॉमस अक्विनास यांनीही पशूंच्या बाबतीत जवळपास तोच निर्वाळा दिला: मैत्रीला समान जीवनातला वाटा लागतो, तो विवेकहीन प्राण्याला घेता येत नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावणारा आपला शेतकरी या दोघाही पंडितांशी वाद घालील. पण दुसऱ्या दिवशी जू पुन्हा त्याच खांद्यावर येते, हेही खरे.

मला वाटते, ॲरिस्टॉटलच्या वाक्यातले मर्म बैलाच्या बुद्धीत नसून अवजार या शब्दात आहे. गुलामाला बुद्धी होती, भाषा होती. मैत्रीच्या आड येत होती ती त्याची स्थिती: त्याचे हालणे-चालणे दुसऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होते. पहिल्या चित्रपटाच्या मध्यापर्यंत टूथलेसचेही तेच आहे. तो हिकपच्या फार उपयोगी पडतो. त्याच्या सवयी पाहून शिकलेल्या युक्त्या वापरूनच हिकप गावाच्या आखाड्यात एकामागून एक ड्रॅगन नमवतो आणि कालचा टवाळीचा विषय आज गावाचा लाडका होतो. दोघांत माया आहे, विश्वास आहे. परंतु एकाला संध्याकाळी घरी जाता येते आणि दुसऱ्याला दरीबाहेर पडता येत नाही.

आता चित्रपट क्षणभर बाजूला ठेवू. आपल्यापैकी कितीतरी घरांत वर्षानुवर्षे एखादी मुलगी राहिलेली असते. दहा-अकराव्या वर्षी पाड्यावरून किंवा दूरच्या गावाहून कुणीतरी तिला आणलेले असते. ‘ती आमच्या घरचीच,’ असे सगळे म्हणतात आणि ते खोटे नसते. नाताळला तिलाही नवे कपडे होतात, तापाने फणफणली तर रात्रभर तिच्या उशाशी कुणी बसते. मात्र घरातली मुले शाळेत गेली तेव्हा ती डबे भरत होती. तिचा पगार ‘तिच्याच लग्नासाठी’ कुणीतरी जपून ठेवलेला असतो. किती जमला ते तिला ठाऊक नसते, कारण बँकेचे पुस्तक तिला वाचता येत नाही. चाळिशी ओलांडल्यावर पाहुण्यांपुढे तिच्याविषयी एक वाक्य कौतुकाने उच्चारले जाते: ‘तिला आमच्याशिवाय आहेच कोण?’

या वाक्यात प्रेम आहे, पण ज्या गोष्टीची लाज वाटायला हवी तिचाच अभिमानही त्यात मिसळला आहे. तिला दुसरे कुणी नाही, हे आपल्या प्रेमाचे प्रमाण नव्हे. दुसरे कुणी असण्याच्या वाटा आपल्या उंबरठ्याच्या आत बंद झाल्या, त्याचा तो हिशेब आहे. तिला मारहाण झाली नाही, उपाशी ठेवले गेले नाही. दोरजाळे टाकून कुणी तिला पाडलेही नाही, ते काम गरिबीने केले. आपण फक्त असा पर बसवला, जो आपल्या पायाशिवाय उघडत नाही.

अडाण्याचा अर्ज आयुष्यभर भरून देणारा, पण सही शिकवायला कधी अर्धा तास न देणारा परोपकारी त्याच जातीचा. मुलाला सगळे हातात आयते देऊन ‘माझ्यावाचून त्याचे पान हलत नाही’ म्हणणारी आईही फार दूर नाही, तिच्याविषयी कितीही हळवे वाटले तरी.

कुणी म्हणेल, हिकपवर हा अन्याय आहे. पहिल्या चित्रपटाच्या शेवटच्या लढाईत तो स्वतः डावा पाय गुडघ्याखाली गमावतो; लोखंडी पाय लावून उठतो, आणि दाराशी टूथलेस उभा असतो. एकाचा पर नाही, एकाचा पाय नाही; दोघे मिळून पुरे होतात. चित्र मोठे हृद्य आहे. पुढच्या चित्रपटात हिकप आईला थट्टेने सांगतो की याची शेपटी माझ्यामुळे गेली, पण त्यानेही माझा पाय ठेवून घेऊन फिटंफाट केली. थट्टेत का होईना, ही कबुलीच आहे. तरीही दोन अपुऱ्यांनी एकमेकांना टेकून उभे राहणे आणि मैत्री यांत अंतर राहतेच. टेकण्याची गरज संपल्यावर काय उरते, हे पाहिल्याखेरीज त्या नात्याचे नाव ठरत नाही.

२०१४ सालच्या या दुसऱ्या भागात तर अधिक कठीण प्रसंग आहे. ड्रागो नावाचा क्रूर मनुष्य एका महाकाय ड्रॅगनला धाकात ठेवून त्याच्याकरवी इतर सर्व ड्रॅगनांवर हुकूम चालवतो. टूथलेसची शुद्ध हरपते आणि त्याने हिकपवर सोडलेल्या आगीच्या आड बाप येतो. स्टॉइक मरतो. शोकाने वेडावलेला हिकप टूथलेसला ढकलून देतो. पुढे मात्र त्याला शोधून काढतो, तुझा दोष नव्हता असे सांगतो आणि त्या आवाजाने टूथलेस भानावर येतो. मारक पापासाठी पूर्ण जाणीव आणि पूर्ण संमती लागते, ही आपली जुनी शिकवण इथे शब्दशः लागू पडते. पण तिचा दुसरा पदर आपण सहसा उलगडत नाही. ज्याच्या संमतीला जागाच नाही त्याला जसे अपराधी ठरवता येत नाही, तसे मित्रही ठरवता येत नाही. ड्रागो आणि हिकप या दोघांच्याही ताब्यात ड्रॅगन आहेत. फरक ‘मी त्याला प्रेमाने वागवतो’ एवढाच असेल, तर तो चांगल्या आणि वाईट धन्यातला फरक झाला.

हिकपला हे कळले होते याची खूण २०११ सालच्या ‘गिफ्ट ऑफ द नाइट फ्युरी’ या छोट्या चित्रपटात आहे. सणाची भेट म्हणून तो टूथलेसला नवी शेपटी करून देतो, जिला स्वाराची गरज नाही. टूथलेस उडून जातो आणि दिवस लोटले तरी येत नाही. हिकपने काय पणाला लावले होते ते त्या रिकाम्या दिवसांत दिसते. शेवटी टूथलेस परततो, हिकपचे समुद्रात पडलेले शिरस्त्राण तोंडात धरून. आणि नवी शेपटी स्वतःच मोडून टाकून जुनी पुन्हा बांधायला लावतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मी थोडा साशंक आहे. पिंजऱ्याचे दार उघडले तरी पोपट परत दांडीवर येऊन बसतो, ते नेहमीच प्रेमाने असते असे नाही. सवयीची वेसण अधिक चिवट असते. तरीपण एक गोष्ट बदलली: आता ते दार एकदा उघडून झाले होते.

तिसऱ्या भागात, २०१९ साली, हिकप पुन्हा तशीच शेपटी बनवतो, कारण टूथलेसला त्याच्या जातीची एक शुभ्र मादी भेटली आहे आणि एकट्याने उडता आल्याशिवाय त्याला तिच्यामागे जाता येत नाही. या खेपेला तो जातो. काही पालकांना हा शेवट मुलांसाठी फार कडू वाटतो. मला तो तिन्ही भागांतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो, जरी निरोपाला आणखी एक कारण आहे: शिकारी येतच राहणार, माणसांचे जग ड्रॅगनांना सुरक्षित नाही. एका माणसाची मैत्री पुरत नाही, गावही बदलावे लागते. फ्रान्समधल्या तारास्कोंची जुनी आख्यायिका हेच सांगते. संत मार्थेने तिथल्या नरभक्षक ड्रॅगनला पवित्र पाण्याने शांत केले, आपल्या कमरपट्ट्याने बांधले. तो मेंढरासारखा उभा राहिला, आणि लोकांनी त्याला भाल्यांनी व दगडांनी ठार केले. असिसीच्या फ्रान्सिसने गुब्बियोच्या लांडग्याबरोबर गावाकडूनही वचन घेतले होते, ते उगीच नव्हे.

चित्रपटाच्या अखेरीस काही वर्षे लोटली आहेत. दाढी वाढलेला हिकप पत्नी ॲस्ट्रिड आणि दोन मुलांसह जहाजातून दूरच्या समुद्रात येतो. खडकावर टूथलेस आहे, त्याची मादी आहे, पिले आहेत. तो आधी गुरगुरतो. ओळख पटलेली नाही. हिकप हात पुढे करून थांबतो. शेपटीला तोच दुसरा, आपोआप उघडणारा पर आहे, आणि इतकी वर्षे तो हिकपच्या पायाविना उघडतो आहे.