कळत-नकळत

मामंजींची फियाट अजून आमच्या दारात आहे. १९६८ सालची, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. बेळगावात ती छान फिरते, पण गोव्याला निघालो की चोरला घाटात हमखास तापायची. आमच्या ह्यांनी रेडिएटर साफ करून घेतला, पट्टा बदलला, तरी घाटात बॉनेट उघडून उभं राहणं काही चुकेना. शेवटी मिस्त्रींनी इंजिनच्या ब्लॉकचा नळ उघडला. पाणी आलंच नाही. तारेनं टोचलं तेव्हा तांबडा चिखल आला.

या गाडीचा ब्लॉक बिडाचा. सिलिंडरभोवती पाणी फिरावं म्हणून त्यात आतून पोकळ वाटा असतात. मामंजी कायम विहिरीचं पाणी भरायचे. कुलंट म्हणजे पैसे काढायचे धंदे, असं त्यांचं मत. साध्या पाण्यानं बीड आतून गंजत गेलं आणि पंपापासून लांबच्या सिलिंडरपाशी गंज साचून बसला.

मिस्त्री म्हणाले, तेजाब ओतू, तासाभरात लख्ख. ह्यांनी नको म्हटलं. तेजाब गंजाबरोबर बीडही खातं, आणि वरचं हेड तर अॅल्युमिनियमचं. मग माझ्या फडताळातलं लिंबूसत्त्व कामी आलं, ढोकळ्यात घालतो तेच. गरम पाण्यात कालवून भरायचं, इंजिन चालवायचं, निवल्यावर सोडून द्यायचं. चौथ्या वेळी पाणी चहाच्या रंगावर आलं. मग सोड्याचं पाणी, मग साधं, आणि लगेच कुलंट, कारण उघडं पडलेलं बीड काही तासांतच परत गंज धरतं.

दुसऱ्या दिवशी फरशीवर हिरवे थेंब. ब्लॉकच्या कुशीला पातळ पत्र्याची गोल झाकणं बसवलेली असतात. त्यातलं एक कधीचंच सडलं होतं. मिस्त्री म्हणाले, "वैनी, गंजानंच धरून ठेवलं होतं हे." हे म्हणाले, "दोन चमचे हळद टाकली असती तर भागलं असतं." (ट्रकवाले रेडिएटर गळायला लागला की खरोखरच हळद टाकतात.)

त्या दिवसापासून मला माझी धाकटी जाऊ आठवते आहे. ती फोंड्याला असते. बारा वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तिनं फोन करून विचारलं होतं, "वहिनी, मी येऊन राहू का?" मीच म्हटलं, मुलांच्या परीक्षा आहेत, नको. पुढं नातेवाईक भेटायला आले की मी म्हणायची, "सगळं मी एकटीनंच केलं." यात एक शब्द खोटा नाही. तिनं विचारलं होतं, एवढंच मी सांगितलं नाही.

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी आम्ही दोघी दरवर्षी एकमेकींना उत्तम क्षमा म्हणतो. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा. त्या 'नकळत'च्या आडोशाला मी बारा वर्षं उभी आहे. माझं तर सगळं कळूनच झालं होतं.

सांगावं का, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. माझं मन हलकं व्हावं म्हणून तिच्या मनाला नवी जखम का करायची? आमचं नातं चांगलं चाललंय, ते गंजावर टिकलेलं असलं तरी टिकलंय ना? हे मी स्वतःला बरेच दिवस पटवलं, आणि अजूनही ते अगदीच चुकीचं वाटत नाही. गाडी तापत नसती तर ब्लॉक कुणी उघडला असता?

पण तापते आहे. गेल्या वर्षी एका लग्नात मामेसासूबाई तिला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सासूच्या आजारपणात कुठं होतीस गं?" तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि ताटात मान घातली. मी वाढपी मुलाला भात मागितला.

म्हणजे नवी जखम कसली, ती बारा वर्षं सोसतेच आहे. आणि तिच्या एकटीच्या कानात क्षमा मागून मी सुटणार नाही. ज्यांना मी 'एकटीनं' म्हणून सांगितलं, त्यांना आधी सांगायला हवं. ते मात्र मला फार जड जातंय. मामेसासूबाईंकडं मंगळवारी जाऊन आले. त्या काही बोलल्या नाहीत, चहा मात्र केला नाही.

काल जावेला फोन करून म्हटलं, रविवारी येतोय, थोडं बोलायचं आहे. ती म्हणाली, "फियाटनंच येताय? घाटात तापत नाही ना आता?"

"एक झाकण बदललंय," मी म्हटलं. "दुसरं मिस्त्री शनिवारी बघणार आहेत."