मृतांचे दान आणि जिवंतांचा ताबा

एखादी वस्तू ज्याला अर्पण केली तो ती घ्यावयास उरला नाही, आणि ज्याने अर्पण केली त्याच्या वंशातही कोणी मागे राहिले नाही, म्हणजे त्या वस्तूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न दिवाणी न्यायालयापुढे आला तर वारसा, वहिवाट आणि मुदत यांच्या आधारे त्याचा कधी तरी निकाल लागेल (आपल्याकडील दाव्यांचे आयुष्य पाहता एवढे म्हणणेही धाडसाचेच). परंतु ती वस्तू देवाला, संघाला किंवा प्रेताला दिलेली असेल, तर कायद्याची ही सारी सामग्री अपुरी पडते, कारण देणाऱ्याने आपला व्यवहार इहलोकीच्या कोणत्याही दफ्तरात नोंदविण्यासाठी केलेलाच नसतो.

इसवी सन ८३४ च्या सुमारास नॉर्वेतील ओसेबर्ग येथे दोन स्त्रियांना मूठमाती देताना त्यांच्या माणसांनी २१ मीटरांहून अधिक लांबीचे ओकचे जहाज जमिनीवर ओढून आणले, त्यात त्यांच्यासाठी शेज मांडली, घोडे मारून ठेवले, कोरीव गाडी आणि बर्फावरच्या घसरगाड्या ठेवल्या, आणि एवढा सरंजाम झाल्यावर ते जहाज एका मोठ्या धोंड्याला दोराने बांधून वर टेकाड रचले. ज्या जहाजाने परलोकीचा प्रवास करावयाचा ते बांधून का ठेवावे, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी त्या जहाजाला वाहन मानतो, कोणी घर. मला वाटते, मृताने सुखाने जावे आणि तरीही जाऊ नये, ही प्रत्येक घरातली दुहेरी इच्छाच त्या दोराने धोंड्याला बांधली असावी.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षांतच कोणी तरी टेकाड फोडून आत शिरले आणि हाडे विस्कटून गेले. १९०४ साली गॅब्रिएल गुस्ताफ्सन या पुरातत्त्वज्ञाने रीतसर उत्खनन करून जहाज बाहेर काढले, आणि १९२६ साली ते ओस्लोच्या बिग्डॉय भागातील संग्रहालयात नेण्यात आले. अस्थींचे काय करावे, हे मात्र कोणालाच ठरविता आले नाही: १९४८ साली त्या सन्मानपूर्वक पुन्हा टेकाडात पुरल्या, आणि २००७ साली अभ्यासासाठी पुन्हा उकरून काढल्या. दान आपल्याकडे ठेवून घ्यावयाचे आणि जिला ते दिले तिची बोळवण करावयाची, असा हा प्रकार. चोराने हाडे विस्कटली म्हणून आपण त्याला नावे ठेवतो, पण त्याच्या आणि आपल्या कृत्यात फरक आहे तो हेतूचा, आणि तो त्या दोघींना कोण समजावून सांगणार? जतनाच्या कामीही आपण फार शहाणे ठरलो असे नाही. त्या जहाजातले लाकडी सामान टिकावे म्हणून त्या काळी ते तुरटीच्या कढत द्रावणात घालण्यात आले. त्याच तुरटीतून आम्ल निर्माण होऊन लाकूड आतून पोखरत गेले, आणि वरून कोरीवकाम शाबूत दिसणाऱ्या वस्तूंचा आत भुगा होत राहिला.

डेन्मार्कात रोस्किल्डे येथे १९६२ साली खाडीच्या तळातून काढलेली पाच जहाजे १९६९ पासून संग्रहालयात आहेत. परंतु ती शत्रूची वाट अडविण्यासाठी बुडविलेली होती, कोणाला अर्पण केलेली नव्हती, तेव्हा आपल्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही. संबंध आहे तो लाडबी येथील जहाजाचा. १९३५ साली सापडलेले हे जहाज जागचे हलविलेच नाही. लाकूड केव्हाच मातीत मिळाले होते; उरला होता तो मातीवरचा ठसा, लोखंडी खिळ्यांच्या ओळी आणि नाळेशी पडलेली घोड्यांची हाडे. त्यावर पुन्हा टेकाडाचेच छत घालून आत जाण्यापुरती वाट ठेवली आहे.

असे जागच्या जागी राहिलेले दान पाहावयाचे तर एवढे दूर जाण्याचे कारण नाही. चैत्रात एकवीरेच्या यात्रेसाठी मुंबई, ठाणे, रायगडच्या कोळीवाड्यांतून जो समुदाय कार्ल्याचा डोंगर चढतो, त्याच्या देवीचे देऊळ चैत्यगृहाच्या तोंडाशीच आहे; देवळाला रांग, चैत्याला तिकीट. सुमारे ३८ मीटर खोलीचे हे देशातील सर्वांत मोठे चैत्यगृह. आत जाऊन मान वर केली म्हणजे कमानदार छताखाली लाकडाच्या फासळ्या ओळीने दिसतात, आणि होडी बांधणाऱ्या घरातल्या माणसाला ते छत उलट्या ठेवलेल्या होडीच्या पोटासारखे वाटले तर नवल नाही. दोन हजार वर्षांपूर्वी बसविलेल्या या फासळ्या काहीच तोलत नाहीत. छत अखंड खडकाचे आहे, त्याला आधार लागतच नाही. पूर्वी चैत्यगृहे लाकडाची बांधीत, ती रीत डोंगरात उतरताना कारागिरांना सोडवली नाही, म्हणून त्यांनी खडकात लाकूड बसविले. स्तूपावरचे छत्रही लाकडाचेच, आणि ते अद्याप उभे आहे.

हे सारे कोणी दिले, ते खांबांवर आणि भिंतींवर लिहिलेले आहे: धेनुकाकटाचे यवन, वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, सोपारा बंदराकडचा एक धर्मपाठक. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकच्या, म्हणजे याच, लेण्यांत चारी दिशांकडून येऊन वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले. पुढे क्षत्रपांचा अंमल जाऊन सातवाहनांचा आला, तेव्हा मामाल येथील अमलदाराला आज्ञा गेली, की हे गाव भिक्षूंकडेच चालवावे. हे मामाल म्हणजेच आपले मावळ. राज्य उलटले, सनद नवी झाली, इनाम मोडले नाही. ओसेबर्गचे दान दोन विशिष्ट स्त्रियांना होते, त्यामुळे त्यांच्यामागे त्याला वारस नाही; कार्ल्याचे दान जो येईल त्याला होते. भिक्षू जाऊन कित्येक शतके लोटली, पण येणारे थांबलेले नाहीत.

येथे एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो खुद्द बुद्धाच्या उपदेशातून निघतो. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा दृष्टांत आहे: गवताकाटक्यांचा तराफा बांधून जो नदी उतरून गेला, त्याने उपकार स्मरून तो तराफा डोक्यावर घेऊन फिरणे शहाणपणाचे नव्हे. ज्या धर्माने धर्मालाही तराफा म्हटले, त्याच्या मंदिरातल्या, भार न तोलणाऱ्या फासळ्या सरकारी खर्चाने जपणे म्हणजे तराफा डोक्यावर घेणेच नव्हे काय? याला उत्तर आहे, आणि तेही त्याच दृष्टांतात. एक तर तो माणूस पैलतीरी पोचलेला आहे, आपण पोचलेलो नाही. दुसरे असे, की त्याने तराफा पाण्यात सोडावा किंवा काठावर ओढून ठेवावा, असे दोन्ही पर्याय तेथे दिले आहेत. काठावर ओढून ठेवणे, हेच संग्रहालयाचे काम. त्यासाठी श्रद्धा लागतेच असेही नाही. स्वातच्या खोऱ्यातली एक लहानशी कांस्य बुद्धमूर्ती स्वीडनमधील हेल्यो बेटावर १९५६ साली सापडली आणि आता ती स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्या काळी तिकडे ती जपणाऱ्यांना ती कोणाची, हे बहुधा ठाऊकही नसावे, तरी मूर्ती राहिली.

उलट नुसती भक्ती वस्तू राखतेच असे नाही. १९९७ साली सेवानिवृत्त झालेली 'विक्रांत' ही युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिच्याविषयी अभिमान कोणाला नव्हता? ती २०१४ साली मोडीत गेली. आणि समुद्रापासून दूर लोणावळ्याच्या डोंगरात नौदलाची 'शिवाजी' १९४५ पासून नांदते आहे, जी जहाज नव्हेच, नौदलाच्या अभियंत्यांची शाळा आहे. एकीला देह होता, काम नव्हते. दुसरीला काम आहे, देह कधीच नव्हता. टिकली दुसरी.

तेव्हा माझा निवाडा असा, की संग्रहालय असो वा पुरातत्त्व खाते, त्याने स्वतःला मालक म्हणवू नये. वहिवाटदार म्हणवावे, आणि शक्य तेथे वस्तू जागची हलवू नये. बिग्डॉयचे संग्रहालय नव्या इमारतीच्या बांधकामासाठी २०२२ साली बंद करण्यात आले, त्यामुळे नॉर्वेला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करून निघावे. मळवलीला उतरणाऱ्यांना कार्ले आणि भाजे दोन्ही हाताशी आहेत. एकवीरेला जाणाऱ्यांनी तिकीट काढून चैत्यातही जावे, आणि खांबांवर आपली नावे कोरू नयेत. तेथे ज्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांनी ते खांब दिले होते.