टोळीचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमाराला वर्तमानपत्रात दोन बातम्या हमखास दिसतात. गुन्ह्यांच्या पानावर 'टोळी जेरबंद' आणि शेतीच्या पानावर 'टोळ्या मिळेनात, ऊस फडातच'. एका टोळीला बेड्या घालायच्या, दुसरीसाठी मुकादमाच्या हातापाया पडायचं.

आपल्या जालना जिल्ह्यात टोळी येतेही आणि इथून जातेही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली अंबड-घनसावंगीत ऊस उभा असतो आणि शेतकरी टोळीची वाट बघत असतो. त्याच दिवसांत मंठा-परतूरकडच्या गावांतून, तांड्यांतून माणसं ट्रकमध्ये बिऱ्हाड भरून परमुलखात तोडणीला निघालेली असतात.

टोळीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. हंगामाआधी मुकादम उचल देतो ती कोयत्याला. फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर, तीही कोयत्याच्याच नावानं.

या टोळीत सोबतीनं वागण्याची रीत आहे, हे नाकारता येत नाही. रात्री-अपरात्री गाडी येते. डोक्यावर उसाची मोळी, पायाखाली अरुंद फळी. वरून उतरणाऱ्याला वाट देत एकेक जण चढतो. गाडी भरल्याशिवाय कुणी कोपीकडे वळत नाही. एकीचं लेकरू दुसरीची पोरगी सांभाळते. अशी सोबत त्यांना कुणी शिबिर घेऊन शिकवलेली नाही.

पण त्याच टोळीत 'खाडा' आहे. काम बुडालं की मजुरी बुडते, वर दंडही लागतो. मग ताप अंगावर काढायचा, पोटात दुखलं तरी वाकायचं. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हा खाड्याची ही धास्ती बाईला शस्त्रक्रियेपर्यंत नेते, हे साऱ्या महाराष्ट्राला कळलं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. चांगलंच झालं. पण वाढ मिळाली ती कोयत्याला. मोळी बांधणाऱ्या, वाहणाऱ्या बाईच्या हातात त्यातलं किती पडलं, याची नोंद मुकादमाच्या वहीत सापडायची नाही. उचल घेताना अंगठा नवऱ्याचा. फेडताना कंबर दोघांची.

आपण शहाणी माणसं आपल्या कचेरीतल्या गटाला 'टीम' म्हणतो आणि गावाकडच्या टोळीकडे वरून बघतो. पण कचेरीतही एखादी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की कुजबूज सुरू होतेच. तोही खाडाच, फक्त वहीत लिहिला जात नाही. टोळी म्हणा, टीम म्हणा, बचत गट म्हणा. आजारी माणसाला त्या दिवशी काय वागणूक मिळते, त्यावरून त्या गटाची लायकी ठरते. जिथं सगळ्यांच्या घामाचा हिशेब एकाच्याच नावावर लागतो, तिथली एकी कितीही वाखाणली तरी ती अर्धी लबाडी आहे.

ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगारांची नोंद होते, ओळखपत्र मिळतं. गावातल्या सुशिक्षितांनी तेवढं एक काम अंगावर घ्यावं. ट्रक निघण्याआधी प्रत्येक कोयत्याची दोन्ही नावं लिहिली गेली का, हे स्वतः जाऊन बघावं. आणि मुकादमालाही त्याच्या वहीत दोन्ही नावं घालायला लावावीत.